उतारू उतरल्याशिवाय न हलणारा घोडा

लग्नाच्या वरातीत मी एकदा घोड्यावर बसलो होतो. तेवढ्या भांडवलावर लेकीला घोडेस्वारी शिकवायला निघालो. ती नऊ वर्षांची; तिला घोडाही हवा होता आणि तंबूत झोपायचंही होतं. पनवेलला तेव्हा आगगाडी आलेली नव्हती आणि घोडे म्हणजे टांग्याचेच. ओळखीच्या टांगेवाल्या चाचांनी शनिवारी दुपारी आपला पांढरा घोडा टांग्यातून सोडून दिला. "भाऊसाहेब, जानवर एकदम शरीफ. बिनधास्त जा."

आमच्या हिची, म्हणजे लेकीच्या आईची, मात्र अट होती. "रात्र बाहेर काढून दाखवा. अर्ध्यातून परत आलात तर ही थेरं कायमची बंद." मग जरा हळू, "जमलं तर पुढच्या खेपेला मीही येईन." लेकीने ते दुसरं वाक्य पक्कं धरून ठेवलं. आईसकट सहल, हेच तर तिला हवं होतं.

लेकीला पुढ्यात घेऊन ऐटीत निघालो. घोडा निघाला आणि थेट आमच्याच दारात थांबला. बाजाराच्या दिवशी तो हिला इथेच आणून सोडायचा. ही ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"आलातसुद्धा?"

मी टाचा मारल्या, लगाम ओढला, शेवटी इंग्रजीत ओरडलो. घोडा ढिम्म.

"बाबा, त्याला वाटतंय उतारू उतरायचाय," लेक म्हणाली. "उतरा आणि परत चढा."

उतरलो, चढलो. निघाला की! पुढे डॉक्टरांच्या दारी उतरलो, वकिलांच्या दारी उतरलो, कचेरीपाशी तर शिपायाने उगाच सलाम ठोकला. गाव संपेपर्यंत घोड्यापेक्षा मीच जास्त दमलो.

पळस्प्याच्या पुढे रस्त्यालगत आमराईत मुक्काम टाकला. दोन बांबू, वर ताडपत्री, झाला तंबू. दोर एकच होता. मी डोकं चालवलं: एक टोक तंबूला, दुसरं घोड्याला.

"आणि घोडा चालायला लागला तर?"

"उतारू उतरल्याशिवाय तो हलत नाही. तूच शोधून काढलंस ना?"

"पण बाबा, आपण तर उतरलोय."

मी हसलो. दिवेलागणीला चंदी-दाण्याची वेळ झाली, घोड्याने कान टवकारले आणि पनवेलची वाट धरली. मागोमाग तंबू. मी रस्त्यावरच्या मोरीपर्यंत धावलो आणि एक चप्पल गमावून परत आलो.

"चल बाळ, चालतच घरी जाऊ."

तिचे डोळे भरले. "आईने रात्र बाहेर काढा म्हटलंय. तंबू पाहिजे असं कुठे म्हटलंय?" आणि सतरंजीवर अशी ठाण मांडून बसली की मीही मुकाट्याने शेकोटी पेटवायला लागलो.

बऱ्याच वेळाने घुंगरं वाजली. टांगा! चाचा हाकत होते, मागे ही, मांडीवर ताडपत्री आणि डबा. घोडा ताडपत्री फरफटत आमच्या दारात जाऊन उभा राहिला होता, शहाण्यासारखा, उतारू उतरायची वाट बघत. रिकामी पाठ पाहून हिचा जीव अर्धा झाला होता.

"अहो, हाडं शाबूत आहेत ना?"

मी तोंड उघडायच्या आत लेक पुढे झाली. "आई, आम्ही परत नाही आलो हं! नुसता घोडा आला."

हिने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या एका चपलेकडे. पदर तोंडाला लावला. रडते की हसते, कळेना. मग म्हणाली, "चाचा, तुम्ही सकाळी या."

चाचांनी लगाम हलवला. घोडा जागचा हलेना.

"आई, आधी उतर!" लेक टाळ्या पिटत ओरडली. "त्याशिवाय तो जायचा नाही."

ही उतरली.