व्याकरणातली बोट

आमच्या बोटीला इंग्रजी व्याकरण सोसत नाही. हे मला लग्न होऊन सातपाटीला आल्यावर पहिल्याच नारळी पौर्णिमेनंतर कळलं.

माझी नणंद कुंदा दहावीच्या इंग्रजीत आपटली होती. तिला नर्स व्हायचं होतं. ऑक्टोबरला सुटली नाही, तर आईबरोबर टोपली घेऊन बाजारात बसायचं ठरलेलंच! मी पालघरची, बी.ए. झालेली. "ती जबाबदारी माझी!" असं मी जाहीर करून टाकलं. (कुणी विचारलंही नव्हतं.)

कुंदाचं घोडं जर-तरच्या वाक्यांवर अडलं होतं. पुस्तकातली उदाहरणं तिला पटेनात.

"मी पक्षी असते तर? मी कशाला पक्षी व्हईन, वैनी?"

मग मी घरातली उदाहरणं घ्यायचं ठरवलं. बोट हंगामात पहिल्यांदा दर्यात निघायची ती सकाळ. सासूबाई ओटीवर पूजा मांडत होत्या, सासरे जाळं आवरत होते, आणि मी खणखणीत आवाजात शिकवत होते, "इफ द बोट सिंक्स... म्हणजे, बोट बुडाली तर..."

सासूबाईंच्या हातातला नारळ घरंगळत अंगणात गेला.

"कोनाची बोट गो?"

"कुणाचीच नाही, आई! व्याकरणातली!"

"पन बुडाली ना?"

"अहो, बुडाली तर! म्हणजे बुडालेली नाही!"

"परत बोलली बाय!"

"तीनदा," कुंदानं हिशेब दिला. (गणित चांगलं होतं तिचं.)

सासऱ्यांनी जाळं खाली ठेवलं. "आज नाय जायचा."

गावच्या सगळ्या बोटी गेल्या, आमची किनाऱ्यावर! दुपारपर्यंत गल्लीभर झालं, 'शिकलेल्या सुनेनं बोट बुडवली!' बोटी परतल्या तेव्हा शेजारी पापलेटं तळली गेली. आमच्याकडे वालाचं बिरडं. सगळे माझ्याकडे बघत जेवले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. "त्याच इंग्लिसमधी आता चांगलं बोल!"

मी बोटीसमोर हात जोडून ओरडले, "इफ द बोट गोज, इट विल कम बॅक फुल!"

"फुल! फुल!" खलाशांनी साथ दिली. आणि बोट खरंच भरून आली! झालं! तेव्हापासून दर खेपेला मला किनाऱ्यावर नेऊन उभं करायला लागले.

ऑक्टोबरात कुंदा पेपर देऊन आली.

"सगला लिवला, वैनी. येकच सोडला. 'जहाज बुडालं तर' पुरं करायचं व्हतं."

"येत नव्हतं?"

"येत व्हतं की! पन बाबा दर्यात हायत ना!"

(सुटली हो ती! पुढे नर्सही झाली.) पण त्या क्षणी मी, अंधश्रद्धेवरच्या निबंधाला कॉलेजात पहिलं बक्षीस मिळवलेली विदुषी, तिला झापायला तोंड उघडलं. समोर दर्या दिसत होता, आमची बोट अजून दिसत नव्हती.

"बरं केलंस गो बाय!" मी म्हणाले.