तेरड्याचा पंचनामा

दहिसरच्या आमच्या चाळीत सोनूबाई परबला सगळे वकीलबाई म्हणत. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. खोली खाली करून घ्यायला मालकाने दावा लावला, तो आठ वर्षं चालला. एकही तारीख न चुकवता ती कोर्टाच्या बाकावर बसली आणि दावा जिंकून आली. खोली राहिली, वर तिथले शब्द घरात आले. सून कुंदाने चहाला उशीर केला की तिला 'अंतिम ताकीद' मिळायची. नळावरचं भांडण पाणी गेलं की 'तहकूब' व्हायचं. ऐकून डोकं उठायचं. पण त्याच शब्दांनी खोली वाचली होती, म्हणून तिला कोण बोलणार?

मी पालिकेच्या गाडीवर मजूर होतो. फूटपाथवर बिनपरवाना बसणाऱ्यांचा माल उचलून गाडीत टाकायचा, हे माझं काम. चौऱ्याऐंशी साली गौरी यायच्या आदल्या दिवशी आमची गाडी बोरिवली स्टेशनबाहेर लागली. सोनूबाई तिथे तेरडा, आघाडा, हळदीची पानं घेऊन बसली होती. पहाटे रानात जाऊन स्वतः उपटलेला माल. तेरडा दुसऱ्या दिवशी गौर येईपर्यंतच खपतो. गौर घरात आली की त्याला गुरंही विचारत नाहीत.

आमच्या साहेबांची एक रीत होती. हिरवा माल उचलायचा, पुढच्या वळणावर थांबायचं, बायकांना समज द्यायची आणि माल उतरवून द्यायचा. शेजारी बसणाऱ्या चंपाने हात जोडले, तिचा माल सुटला. सोनूबाईला मी डोळ्यांनी खुणावलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पंचनामा करा," ती साहेबांना म्हणाली.

साहेब म्हणाले, बाई, कशाला वाढवता, घेऊन जा तुमचा पाला. ती म्हणाली, आधी जप्त कुठल्या नियमाखाली केला ते सांगा, मग परत करायचं बोला. बघे जमले. कोणीतरी हसलं. साहेब भडकले आणि कागद मागवला.

मग माझे हाल सुरू झाले. चढवलेला सगळा माल मी खाली उतरवला. एकेक जुडी मोजून वेगळी रचली. वरचा ओला तेरडा रचताना घसरत होता, म्हणून पुन्हा रचला. पंच कोणी होईना. मी उन्हात दुकानं फिरलो. बांगडीवाला कुंडलिक आला, तर दुसरा मिळेना. शेवटी एक न्हावी गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण तसाच ठेवून सही करून गेला. मग सगळा माल पुन्हा गाडीत. दुपार उलटली होती.

सोनूबाईने ऐटीत अंगठा उठवला, नक्कल पदराला बांधली आणि माल द्या म्हणाली.

साहेब म्हणाले, "आता कसा देऊ? मुद्देमाल झाला तो. गोदामात जाणार. वरच्या साहेबांचा हुकूम आणा. दोन दिवस ऑफिस बंद आहे."

तिचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पुन्हा बसणार नाही एवढं तिला म्हणू दे, दोन्ही कागद फाडतो. मी जाऊन तिला सांगितलं. पाया पडायचंच बाकी राहिलं. म्हटलं, काकी, घरी गौर यायची आहे, बोल नुसतं, उद्या बस परत.

तिने पदराच्या गाठीवर हात ठेवला. "फाडूचो नाय, खंडू. सरकारी कागद तो."

गाडी निघाली. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गौरीसाठी तिने चंपाकडून तेरडा विकत घेतला.

ऑफिस उघडल्यावर ती रोज तिथे जाऊन बसली आणि हुकूम काढून आलीच. गोदामात माल द्यायला मीच होतो. चिपाडं झाली होती. तरी तिने माझ्याकडून एकेक जुडी मोजून घेतली. मी म्हटलं, कशाला मोजतेस गं, काकी, चुलीतसुद्धा धड जळणार नाही हे. ती कारकुनाकडे वळली आणि माल परत मिळाल्याच्या पावतीखाली 'वाळलेल्या स्थितीत' असं लिहायला लावलं. ते त्याच्याकडून वाचून घेतलं, मगच अंगठा उठवला.

बाहेर उकिरडा होता. तिथवर ओझं मीच नेलं. ती पुढे चालत होती, कागद हातात धरून.