मावशींची हलकी माती

दिसेल ती वस्तू मातीत मिसळता येईल का, एवढा एकच प्रश्न पडणारी बाई अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे आणि ती नेमकी माझ्या बायकोची मावशी आहे. हुरडा पार्टीला आम्ही सगळे हुरड्यावर तुटून पडलो होतो, तेव्हा मावशी लोकांच्या पायांशी वाकून भुईमुगाची टरफलं गोळा करत होत्या. यजमान बिचारे संकोचले. "राहू द्या मावशी, गडी झाडून घेईल," म्हणाले. "गड्याला काय करायचीत? मला लागतात," मावशींनी त्यांनाच बाजूला सरकवलं. परतताना मागच्या सीटवर टरफलांचं पोतं ऐसपैस बसलं होतं आणि माझी बायको अंग चोरून कोपऱ्यात.

हे वेड उगाच लागलेलं नव्हतं. बजाजनगरातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर मोठमोठे टब आहेत. वांगी, मिरच्या, अंबाडी, सगळं त्यांत पिकतं. टबांतली काळी माती होती करमाडजवळच्या त्यांच्या माहेरच्या शेतातली. शेत कारखान्यासाठी गेलं, तेव्हा कुंपण पडायच्या आत मावशींनी ती पोती भरभरून आणली. पण काळी माती पाणी प्यायली की दगडासारखी जड होते. स्वयंपाकघराच्या छताला तडा गेला आणि मिस्त्रीनं सांगून टाकलं, "एवढं वजन स्लॅबला झेपणार नाय मावशी. टब खाली घ्या." त्यावर मावशी म्हणाल्या, "टब हलणार नायत. वजन कमी करते, तू पुढच्या महिन्यात ये."

आणि त्या पदर खोचून कामाला लागल्या. रिकामी शहाळी वाळवून त्यांचा भुसा करण्यासाठी भर दुपारी धोपाटणं चालू लागलं, तेव्हा गल्लीची झोप कायमची उडाली. नर्सरीतून भाताचं तूस आलं. मग पर्लाइट आलं. हे पांढरे फुगीर खडे मातीत घातले की माती हलकी होते आणि मुळांना हवा मिळते. मावशींनी ते पोतं भर वाऱ्यात उघडलं आणि शेजारणीच्या ओल्या साबुदाण्याच्या पापड्यांवर त्याचा सडा पडला. त्यातलं पर्लाइट कुठलं आणि साबुदाणा कुठला, हे ओळखायला दोघी संध्याकाळपर्यंत चष्मे लावून बसल्या होत्या. वजनाला काटा नव्हता. काटा म्हणजे मी. "जावई, हा टब कडेवर घेऊन बघा. लेकराएवढा लागला पाहिजे." माझी कंबर धरली की मावशी आणखी चार मुठी माती काढत आणि भुसा भरत. गंमत संपली ती तिथंच, कारण प्रत्येक मूठ काढताना त्या जरा थांबायच्या.

महिन्यानं मिस्त्री आला, त्यानं टब हलवून पाहिले आणि मान डोलावली. टब वाचले. पण माहेरची माती आता त्यांत चिमूटभरच राहिली होती. बाकीची पोत्यांत भरून जिन्यात पडली होती. नर्सरीवाला न्यायला तयार होता, मावशी देईनात. एका सकाळी म्हणाल्या, "जावई, गाडी काढा. करमाडला जायचंय."

शेताच्या जागी आता लांबलचक भिंत आहे. वॉचमननं हटकलं, "मावशी, इथं कचरा टाकू नका."

"कचरा नाय रे बाबा. इथलीच माती हाय," असं म्हणून मावशींनी भिंतीच्या कडेनं एकेक पोतं रिकामं केलं. शेवटचं पोतं तर वॉचमननंच धरून दिलं. मावशींनी हात झटकले आणि टाचा उंच करून पाहिलं, पण भिंत फार उंच होती. "तुम्ही उंच हाव. बघा बरं आत काय दिसतंय."

मी एका दगडावर चढलो. आत टोकापासून टोकापर्यंत सिमेंट होतं, त्यावर पत्र्याची शेड आणि ओळीनं उभे ट्रक. हिरवं काही नावालाही नव्हतं. मला मावशींकडे बघवेना.

"गवत माजलंय मावशी, कमरेएवढं," मी भिंतीकडे तोंड करूनच म्हणालो.

"माजणारच," मावशी म्हणाल्या. "माती लई चांगली हाय तिथली." आणि पोत्यांच्या घड्या घालत त्या गाडीकडे चालू लागल्या.