मार्सोलकरांचा हेळवी

चंद्रहासराव एसटीत कंडक्टर होते, त्या काळातली माणसं आजऱ्याकडं अजून त्यांची आठवण काढतात. तिकीट फाडता फाडता विचारायचे, "आडनाव काय? कुठल्या देसायांपैकी? मग उत्तूरचे मधू तुमचे कोण लागतात?" आणि पुढचा थांबा यायच्या आत त्या माणसाचं नि मागच्या बाकावरच्या अनोळखी बाईचं नातं जुळवून मोकळे. एकदा खिडकीच्या जागेवरून दोन गडी हातघाईवर आले होते. यांनी मध्ये पडून विचारपूस केली, तर दोघं सख्खे आतेमामेभाऊ निघाले. उतरताना एकमेकांच्या पिशव्या धरून उतरले.

असल्या माणसाला निवृत्तीनंतर लेकीनं, संपदानं, ऑकलंडला नेऊन ठेवलं. अवोन्डेल नावाच्या उपनगरात. घर झकास, हवा गार, खायला-प्यायला काही कमी नाही. पण विचारायचं कुणाला? रविवारच्या बाजारात मेथी निवडणारं एखादं मराठी पोरगं दिसलं की हे लगबगीनं पुढं व्हायचे.

"आडनाव?"

"गोखले."

"कुठले गोखले?"

"काका, कोथरूड."

"ते राहायला झालं रे. मूळचे कुठले?"

पोरगं मेथी तिथंच ठेवून पलीकडच्या रताळ्यांच्या गाड्याकडं सटकायचं. सुलभाबाई म्हणायच्या, "अहो, त्याला बस गाठायची घाई, आणि तुम्हाला त्याच्या पणज्याची! घरी चला."

घरी आले तरी बूड टेकत नसे. पुढच्या दारातून मागच्या दारात, तिथून कुंपणापाशी. त्या कुंपणापलीकडं कॉलीन मार्सल नावाची बाई एकटी राहायची. आयुष्यभर इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी धुतलेली, आता ऐंशीला टेकलेली. नजर इतकी अधू की वर्तमानपत्राचा मथळासुद्धा धूसर दिसायचा. तिच्या परसात फिजोआचं झाड होतं. पेरूच्या लहान भावासारखं हिरवं फळ, वास मात्र सगळ्या गल्लीभर. एकदा तिनं कुंपणावरून टोपलीभर फळं दिली आणि चंद्रहासरावांनी सवयीनं विचारलं, "बाई, युवर व्हिलेज?"

आता बघा, इथं आल्यापासून या प्रश्नाला पळून जाणारी माणसंच बघितलेली. ही बाई उलट फाटक उघडून म्हणाली, "आत ये. चहा ठेवते. गोष्ट मोठी आहे."

गोष्ट अशी, की तिचा पणजोबा ऑग्युस्त फ्रान्सहून जहाजानं इथं आला, दक्षिण बेटावर आकारोआला उतरला. मूळ आडनाव 'द मार्सोल'. इथल्या लोकांच्या जिभेवर घासून घासून त्याचं मार्सल झालं. आणि फ्रान्समध्ये द मार्सोल नावाचं जुनं सरदार घराणं होतं. गढी होती, ढालीवर सोनेरी सिंह होता, त्यांचा एक गी नावाचा सरदार तर सात-आठशे वर्षांमागं धर्मयुद्धाला गेलेला. आजी लहानपणी सांगायची, "आपण त्यांच्यातले." कॉलीननं ते मनात जपलं. तिचा धाकटा भाऊ डग, क्राइस्टचर्चला राहणारा, जन्मभर तिला हसत आला. कामावरून चादरींचा वास घेऊन घरी आली की म्हणायचा, "उठा, राजकन्या आली!"

"ऐंशी पुरी व्हायच्या आत मला कळायला हवं, आजी खरं बोलत होती का," ती म्हणाली. "पण डोळे गेले. कागद वाचणार कोण?"

"हे 'द' म्हणजे काय?"

"त्या गावचे. मार्सोल गावचे."

चंद्रहासराव खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "म्हणजे 'कर'! बाई, तुम्ही मार्सोलकर!"

त्या दिवसापासून माणसाला काम मिळालं. सकाळी न्याहारी आटोपली की ग्रंथालयात, संगणकापुढं. फ्रान्समधल्या चर्चच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदी कुणीकुणी इंग्रजी करून तिथं टाकलेल्या. यांचं इंग्रजी तिकिटाएवढं, पण नावं वाचायला किती लागतं? रीत त्यांना ठाऊक होती. पहिलं ते माणसाचं नाव, दुसरं बापाचं, तिसरं आडनाव. त्यात विचारायचं काय! जमलं तिथं खुंटी मारायची आणि वर सरकायचं.

दोन हिवाळे असे गेले. ऑग्युस्तचा बाप पॉल, पॉलचा बाप एतियेन. या एतियेनचं पूर्ण नाव 'एतियेन गास्पार मार्सोल' असं दिसलं आणि चंद्रहासरावांनी ग्रंथालयातच मांडीवर थाप मारली. कारण गास्पार द मार्सोल हा गढीचा धनी! त्याच्या वरची सरदारांची वंशावळ आयतीच छापलेली होती, थेट त्या धर्मयुद्धवाल्या गीपर्यंत.

संपदानं ती सगळी साखळी मोठ्या कापडावर छापून आणली, वर सोनेरी सिंह. कॉलीननं कापडावरून बोटं फिरवली आणि चंद्रहासरावांच्या गालाचा मुका घेतला. सुलभाबाई कुंपणाशी कपडे वाळत घालत होत्या. "छान!" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत मी कधी सिंह मागितला नाही, ही चूकच झाली माझी."

कॉलीनचा ऐंशीवा वाढदिवस एप्रिलातल्या एका रविवारी होता. दोन्ही बेटांवरचे सगळे मार्सल जमणार होते, डगसुद्धा. सगळ्यांदेखत ते कापड भिंतीवर लागणार होतं.

आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, संपदा आईबापाला फ्लूचं इंजेक्शन द्यायला दवाखान्यात घेऊन गेली.

नर्स तरुण, हसतमुख. संगणकात बघत तिकडचा नमस्कार घालत म्हणाली, "किया ओरा! सुलभा चंद्रहास... काय सुरेख मधलं नाव! कुणी ठेवलं, आईनं?"

"नो, नो. हजबंड," सुलभाबाई म्हणाल्या.

"नवऱ्यानं ठेवलं?"

संपदा हसून हसून वाकली. नर्सही हसायला लागली. चंद्रहासरावांच्या दंडाला कापूस लावत म्हणाली, "माझं मधलं नाव रोझ. आईला गुलाब आवडायचे. भावाला तर बाबांनी आपल्या आवडत्या रग्बी खेळाडूचं नाव दिलंय."

"वडलांचं नाही?" चंद्रहासराव.

"वडलांचं? नाही हो. ज्याला जे आवडेल ते."

सुई दंडात गेली ती त्यांना कळलीच नाही. गाडीत बसल्यावर त्यांनी संपदाला विचारलं, "मधलं नाव बापाचं नसतं?"

"इथं काहीही असतं बाबा. काकाचं, पाद्रीचं, कुणाचंही. फ्रान्समध्येही तसंच असणार."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही नावं लिहून दिलीत, मी कापडावर छापून आणली." मग तिच्या ध्यानात आलं. "बाबा... ओ नो. त्या कॉलीन आजींची वंशावळ?"

चंद्रहासरावांनी गाडी ग्रंथालयाकडं वळवायला लावली. खालचे दुवे दुसऱ्या कागदांनी पक्के होते, ते टिकले. एतियेनपाशी मात्र हात थांबला. त्या नोंदीत नावापुढं आणखी एक ओळ होती. दोन वर्षं त्यांनी ती वाचलीच नव्हती, कारण बाप तर नावातच सापडला होता! ओळ सांगत होती: बाप निकोला, ज्याँचा मुलगा, गढीची डुकरं राखणारा. बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभे राहिले गढीचे मालक गास्पार. म्हणजे मालकानं राखणदाराच्या पोराला हातावर धरलं आणि पोराला मालकाचं नाव मिळालं. इतकंच. ज्याँच्या वर काही नोंद नव्हती. मार्सोल गावचे म्हणून मार्सोलकर. सिंह दुसऱ्याचा.

शुक्रवार कसा गेला ते सुलभाबाईंना विचारा. माणूस चहा ओतायचा आणि तसाच ठेवून उठायचा. एका पायात बाहेरची रबरी चप्पल, एका पायात घरातली सपात, असा कॉलीनच्या फाटकाला हात लावून परत यायचा. तिच्या अंगणात मांडव उभा राहत होता.

"अहो, सोमवारी सांगा," सुलभाबाई म्हणाल्या. "चाळीस-पन्नास माणसं येणार. म्हातारीचा एक दिवस गोड होऊ दे. कोण तपासायला बसलंय?"

"तपासायला कुणी नाही, म्हणूनच तर."

"म्हणजे?"

"रामा हेळवी आठवतो?"

आता हे सांगायला हवं. सुगीनंतर त्यांच्या गावात बैलावर बसून हेळवी यायचा. दारात बैल उभा करून त्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं तोंडपाठ म्हणायचा आणि पायलीभर जोंधळा घेऊन पुढच्या दारी जायचा. एके वर्षी चंद्रहासरावांच्याच दारात रामा एका आज्याचा बाप चुकला. आतून चुलत आजी ओरडली, "आरं मुडद्या, त्यो त्येचा चुलता!" रामा बैलावरनं खाली उतरला. दोन्ही कान धरले. बैल मागं हाकत वेशीपर्यंत नेला आणि तिथून परत येऊन मूळपुरुषापासून सुरुवात केली. लहानग्या चंद्रहासनं विचारलं, "चुकलं तिथनंच का नाही म्हटलंस?" रामा म्हणाला, "मधला बाप खोटा लागला तर खालची सगळी पोरकी हुत्यात लेकरा."

सुलभाबाईंनी त्यांच्या पायांकडं बघितलं. म्हणाल्या, "मग जा. पण सपाता बदलून जा."

शनिवारी सकाळी ते गेले. कॉलीन स्वयंपाकघरात फिजोआची चटणी शिजवत होती. "चॅन्डी!" ती त्यांना अशीच हाक मारायची. "बरा आलास. केक बघ. मला नीट दिसत नाही, सिंहाची शेपटी नीट काढली आहे का?"

टेबलावर भला थोरला केक, त्यावर पिवळ्या साखरेचा सिंह. शेपटी अगदी झोकात.

"बाई," चंद्रहासराव म्हणाले, "लायन नो."

मग तिकिटाएवढ्या इंग्रजीत सगळं सांगितलं. सुलभा चंद्रहास, नर्स, गुलाब, निकोला, डुकरं. मधे रामा हेळवीही आला, कान धरण्यासकट. कॉलीन चटणी ढवळत राहिली. मग तिनं गॅस बंद केला.

"म्हणजे जन्मभर डग बरोबर होता."

चंद्रहासराव केकवरच्या सिंहाकडं बघत राहिले.

"डुकरं," ती म्हणाली. आणि मग, "आता जा तू, चॅन्डी."

रविवारी ते बाजाराला गेले नाहीत. सकाळपासून पलीकडं गाड्या लागत होत्या, पोरं किंचाळत होती, मांस भाजल्याचा धूर येत होता. चंद्रहासराव न्हाणीत गेले, बाहेर आले, पुन्हा गेले. टीव्ही लावला, बंद केला. लसूण सोलायला घेतला आणि पाकळ्या टाकून सालं वाटीत जमवली. या देशात फाटक उघडून आत बोलावणारी एकच बाई भेटली होती. तीही दुरावली, या विचारानं त्यांना एका जागी बसवेना.

आणि कुंपणावरून हाक आली. "चॅन्डी! बायकोला घेऊन ये. आणि ते कान धरायचं काय असतं, ते इथं सगळ्यांसमोर कर!"

गेले. मांडवात सगळं घराणं भरलेलं. भिंतीवर कापड होतं, पण अर्धंच. वरचा भाग कात्रीनं वाकडातिकडा कापून टाकलेला. अधू नजरेची कात्री ती. सिंह नाही, गी नाही, गास्पार नाही. एतियेनच्या वर जाड काळ्या पेनानं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं: निकोला. त्याच्या वर ज्याँ. केकवरचा सिंह मात्र तसाच होता. पोरांनी त्याची शेपटी आधीच खाल्ली होती.

लाल चेहऱ्याचा एक उंच म्हातारा हातात मांसानं शिगोशीग भरलेली बशी घेऊन गरजला, "म्हणजे काय, आपण डुकरंवाले?" हा डग.

"तुझ्या बशीकडं बघून मला आधीच कळायला हवं होतं," कॉलीन म्हणाली.

अख्खा मांडव हसला. डगही हसला, पण बशी त्यानं जरा बाजूला ठेवली. कॉलीन पुढं म्हणाली, "सरदारांची नावं छापलेली असतात, कुणालाही मिळतात. आपला निकोला या माणसानं शोधला. आता ऐका, कसं म्हणतात ते. चॅन्डी, फाटकापासून."

चंद्रहासराव फाटकापर्यंत मागं गेले. तिथं त्यांनी दोन्ही कान धरले. पोरं खिदळली, एक-दोघांनी आपलेही धरले. मग बसमधली जुनी खणखणीत वरच्या पट्टीतली हाक लागली आणि अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी करत ते एकेक पाऊल पुढं येऊ लागले.

"मार्सोल गावचा ज्याँ. ज्याँचा निकोला, गढीची डुकरं राखली. निकोलाचा एतियेन. एतियेनचा पॉल. पॉलचा ऑग्युस्त, जहाजानं आकारोआला आला. ऑग्युस्तचा लुई. लुईचा अर्नेस्ट. अर्नेस्टची लेक कॉलीन, इस्पितळातल्या चादरी धुतल्या, आणि तिच्या पाठचा डग..."

कॉलीन डोळे मिटून ऐकत होती. चंद्रहासराव तिच्या खुर्चीपाशी येऊन थांबले आणि दम घेऊ लागले.

"पुन्हा," ती म्हणाली. "पॉलच्या वेळी कुणाचातरी फोन वाजला."

चंद्रहासराव वळले आणि भराभर फाटकाकडं निघाले. सुलभाबाईंनी खुर्ची ओढून घेतली, बशीत केकचा तुकडा घेतला आणि संपदाला म्हणाल्या, "आता हे संध्याकाळपर्यंत बसत नाहीत बघ."