किल्लीवाल्याला खोली हवी

माझा धाकटा भाऊ किल्ल्या करतो. बाजाराच्या कोपऱ्यावर, चपलांच्या दुकानाला टेकून त्याची टपरी आहे. तिच्यात नीट बसायला गेलं तर एक गुडघा बाहेरच राहतो. या शहरातल्या निम्म्या लोकांच्या किल्ल्या त्याने कानशीने घासल्या असतील, पण कुलूप लावायला स्वतःचं दार नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

लग्न झाल्यापासून पाच महिने तो आणि भावजय माझ्याकडे होते. माझ्या दोन खोल्या, त्यात आम्ही नवराबायको आणि दोन मुलं. ती दोघं स्वयंपाकघरात झोपायची. सकाळी मी उठायच्या आत भावजय अंथरूण गुंडाळून ओटा पुसत उभी असायची, जणू तिथे कोणी झोपलंच नव्हतं. त्यात माझ्या सासऱ्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि महिनाअखेरीला त्यांना आमच्याकडे आणायचं ठरलं. मी हे भावाला भाजी निवडता निवडता सांगितलं. मान वर करायची हिंमत झाली नाही. तोवर खोली मिळाली नाही तर ती माहेरी जाणार आणि हा टपरीत झोपणार, असं त्या दोघांनीच ठरवून टाकलं. त्या टपरीत, जिथे धड गुडघा मावत नाही!

खोल्या नव्हत्या असं नाही. सगळं जमत यायचं आणि घरमालक विचारायचा, "काय करता आपण?"

"किल्ल्या करतो. अडकलेली कुलपं उघडतो."

झालं! मालकाची नजर आधी याच्या हातांवर, मग स्वतःच्या दारावर. "कळवतो." हे 'कळवतो' अकरा वेळा ऐकून झालं. एका बाईंनी तर हा जिना उतरेपर्यंत आतून दोन कड्या लावल्या, तेही याला ऐकू जाईल अशा.

"अरे, हार्डवेअरच्या दुकानात आहे म्हण," मी म्हटलं. "कुलूप म्हणजे हार्डवेअर नाही तर काय, भाजी?"

"मला नाही जमत ताई."

"मग यापुढे मी बोलते," भावजय म्हणाली. तिचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

महिना संपायला सहा दिवस उरले असताना बारावी खोली बघायला मीही गेले. खाली मालकीणबाई आणि अंथरुणाला खिळलेले त्यांचे यजमान, वर एक खोली. खिडकीतून ऊन येत होतं, नळाला पाणी होतं. भावजयीने एका कोपऱ्याकडे नुसतं बघितलं आणि कपाट तिथे ठेवायचं हे तिने ठरवलंय ते मला कळलं.

"हे काय करतात?" बाईंनी विचारलं.

"हार्डवेअरच्या दुकानात आहेत." खोटं बोलावं पण रेटून, तशी ती बोलली. भाऊ छताकडे बघत राहिला.

खाली आलो तर बाईंचं दार बंद. ओढलं की आपोआप बसणारं कुलूप, वाऱ्याने दार आपटलं होतं आणि किल्ली आत. बाई आधी हसल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "गॅसवर दूध ठेवलंय," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांना उठता येत नाही." आतून खोकला ऐकू आला आणि दाराच्या फटीतून करपल्याचा वास. बाई दारावर थापा मारू लागल्या.

आता याच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. याला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, कुलूप अर्ध्या मिनिटात उघडत असलं तरी दहा मिनिटं लाव. तार बदल, घाम पूस, मान हलव. पटकन उघडलंस तर गिऱ्हाईक आभार मानत नाही, घाबरतं. भावजयीलाही हे माहीत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं.

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. खिशातून पातळ पट्टी काढली, चौकटीच्या फटीत सरकवली, दाराला खांदा दिला. मी "अरे देवा" म्हणेपर्यंत दार उघडलं होतं.

बाई आत धावल्या. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. यजमान खोकत होते, चिडले होते, पण ठीक होते. बाई बाहेर आल्या तेव्हा डोळे भरलेले होते. "अगदी देवासारखे..." म्हणता म्हणता त्यांची नजर पट्टीवर गेली. "माझं दार एवढ्यात उघडतं?"

"हो," भाऊ म्हणाला. "मी किल्ल्याच करतो. कुलपं उघडतो."

"हार्डवेअर म्हणालात."

भावाने पट्टी खिशात सरकवली.

"कळवते," बाई म्हणाल्या.

रस्त्यावर आल्यावर भावजय रडायला लागली. "दहा नाही, अहो, दोन मिनिटं तरी लावायचीत!"

"आत माणूस होता," तो एवढंच म्हणाला.

आणि मी काय केलं? भर रस्त्यात ओरडले. "हात दाखवून अवलक्षण!" तो खोकला मीही ऐकला होता, तरी ओरडले. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढचे चार दिवस फोन ओट्यावर आणि आमचा जीव टांगणीला. फोन वाजला की भावजयीच्या हातातलं काहीतरी खाली पडायचं. कधी गॅसवाला, कधी राँग नंबर. चौथ्या दिवशी तिने बॅग भरून दाराशी ठेवली. येता-जाता त्या बॅगेला वळसा घालताना मला वाटायचं, हिला मीच हाकलतेय.

पाचव्या दिवशी मालकीणबाई टपरीवर आल्या. पट्टीने उघडणार नाही असं कुलूप बसवून द्या म्हणाल्या. खोलीबद्दल चकार शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीची गाडी होती. म्हटलं, त्याआधी तोंडावर विचारून तरी टाकू, आणि भावाच्या मागून आम्ही दोघीही गेलो.

तासभर तो दाराशी वाकून काम करत होता. भावजय जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. काम झाल्यावर बाईंनी विचारलं, "हे तुम्हाला किती वेळात उघडेल?"

उघडणारच नाही, असं तो म्हणू शकला असता. मी मनात म्हणत होते, म्हण रे बाबा, एकदा तरी म्हण!

"दहा मिनिटांत," तो म्हणाला. "खरोखरची दहा."

बाईंनी नवं कुलूप एकदा लावून, एकदा उघडून बघितलं. "पाच रात्री डोळ्याला डोळा नाही," त्या म्हणाल्या. "आधी तुमचीच भीती वाटली. मग वाटलं, तुम्ही नसतात तर? मी बाहेर आणि हे आत." नव्या कुलपाच्या तीन किल्ल्यांतली एक काढून त्यांनी भावजयीच्या हातात ठेवली. "मी बाजारात गेले की माझा जीव या दारात अडकलेला असतो. ही तुझ्याकडे असू दे. त्यांना नको देऊस, त्यांना लागत नाही. आणि वरच्या खोलीची किल्ली त्या खिळ्याला आहे, घेऊन जा."

आम्ही वर गेलो. साधं, जुनं कुलूप. भावाने किल्ली पुढे केली, पण ती काही भोकात जाईना. घाईत त्याने ती उलटीच धरली होती.

"हळू उघडा," भावजय म्हणाली. "आता घाई नाही."