खरखरकाकांची अढी

ज्यांना सारे खरखरकाका म्हणत, ते एकाहत्तर वर्षे जगले. त्यांतील चौतीस वर्षे टेकडीवरच्या रेडिओ दुर्बिणीच्या नोकरीत गेली. परग्रहावर कोणी शहाणे असेल तर त्याची हाक ऐकण्यासाठी ती दुर्बीण होती आणि त्या हाकेत पृथ्वीवरची खरखर मिसळू नये, यासाठी काका. फ्रिज असो, वेल्डिंग असो की मोटारसायकलचा प्लग, हातात एरियल धरून काका खरखरीचे मूळ शोधीत आणि वहीत नोंदवीत.

एकदा संचालकांच्याच बंगल्यातील बिनतारी घंटीने दुर्बिणीला चकवले. काकांनी ते साहेबांच्या कानावर घातले, तेही खाजगीत. साहेबांनी मात्र भरसभेत सांगितले, “नोंद ठेवणाऱ्याला डुलकी लागली.” चोर सोडून संन्याशाला फाशी! सेवापुस्तिकेत ‘हलगर्जी’ असा शेरा पडला आणि काकांची रवानगी सुट्या भागांच्या कोठारात झाली.

“अहो, सोडा आता,” पत्नी म्हणे.

“सोडतो की. ‘चूक माझी’ एवढं त्यांनी चारचौघांत म्हणावं, लगेच सोडतो.”

सहा वर्षांनी दुर्बिणीला लागोपाठ दोन सकाळी, आठ चाळीसला, तीन टिचक्या ऐकू आल्या. तारा रोज चार मिनिटे लवकर उगवतो. या टिचक्या मात्र घड्याळ धरून होत्या. साहेबांनी तो फरक क्षुल्लक ठरवला आणि परग्रहावरून हाक आल्याची घोषणा करायचे ठरवले. नियमाप्रमाणे पंधरा दिवस थांबावे, असे म्हणणारी तरुण संशोधिका कोठारात आली.

“काका, जमिनीवरचं काही असेल का हो?”

काकांना ठाऊक होते. साहेबांनी बंगल्याला नुकतेच रिमोटचे फाटक बसवले होते. आठ चाळीसला ते निघत, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या काकांच्या ट्रान्झिस्टरमध्ये ह्याच तीन टिचक्या वाजत.

“मी आता कोठार बघतो, पोरी. स्क्रू हवेत का?”

घोषणेच्या दिवशी पाहुण्यांनी सभागृह भरले. दुर्बिणीला येणारा आवाज भोंग्यावर ऐकवला जात होता. काका शेवटच्या रांगेतून उठले.

“साहेब, खिशातलं फाटकाचं बटण जरा दाबता?”

साहेबांनी हसत हसत दाबले. भोंगा बोलला: टक, टक, टक. मग जो हशा पिकला, तो काका घोट घोट प्यायले.

“चूक... माझी,” साहेब पुटपुटले.

“मागच्या रांगेपर्यंत पोचलं नाही, साहेब. आणि घंटीचंही राहिलंय.”

साहेबांना ते सारे पुन्हा, मोठ्याने म्हणावे लागले.

महिन्याभरात काकांचा शेरा खोडला गेला आणि साहेबांनी राजीनामा दिला. मात्र हाक आल्याच्या निवेदनाखाली साहेबांनी पहिली सही संशोधिकेची घेतली होती. तिचीही नेमणूक रद्द झाली. जाताना तिने एका ओळीचे पत्र पाठवले: “त्या दिवशी कोठारात तुम्हाला माहीत होतं का?”

काकांनी तीनदा उत्तर लिहायला घेतले आणि तिन्ही वेळा ‘चि.’ हा मायना लिहून थांबले. ते गेल्यावर पत्नीने नवा पत्ता शोधून तिला कळवले, “होय, माहीत होतं.” त्यावर तिच्याकडून काही आले नाही.