अंगठ्यावर ढकललेली चूक

सेलूत स्टेशन रस्त्यावर ऑनलाइन अर्ज भरून देणारा एक जण आहे. तो प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतो, पण 'सर्वर डाऊन आहे' असं एकदाही म्हणत नाही. काही अडलं, की "बघायलोय, बघायलोय" म्हणत पडद्यावर वेगळीच खिडकी उघडतो. त्याच्या संगणकातून बाहेर जाणारं आणि परत येणारं सगळं तिथे जसंच्या तसं दिसतं. "मधी नाका बसवलाय सर, नाका!" असं तो गिऱ्हाइकांना सांगतो.

देवगाव फाट्याची एक म्हातारी हयातीच्या दाखल्यासाठी तीन केंद्रं फिरून त्याच्याकडे आली. सगळीकडे, त्याच्याकडेही, तेच सॉफ्टवेअर आणि पडद्यावर तेच वाक्य, 'अंगठा जुळत नाही'. लिंबानं घासघासून बिचारीनं अंगठा सोलून घेतला होता.

त्यानं तिचा अंगठा लावून घेतला, सरकारी सर्वरकडून नाक्यावर आलेलं उत्तर वाचलं आणि टेबलावर हात आपटला. उत्तर होतं, 'तुमचं सॉफ्टवेअर जुनं आहे.' ते बनवणाऱ्या निर्लज्जांनी चूक कुठलीही असो, पडद्यावर अंगठ्याचंच नाव घातलेलं!

त्यानं सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडचा गुरगुरला, "मधलं बघायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

म्हातारीनं विचारलं, "मंग माझा अंगठा चांगला हाय का, बाबा?"

"चांगला हाय, आजी," तो तिला हळू म्हणाला. मग फोन तोंडाशी धरून ओरडला, "चांगला हाय!"